मांजर घरात असली की तब्येतीला फायदा होतो का? बाबांची मांजर ठेवायची की नाही, सांगा

अडाणकाठची:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज लिहिते. आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. आई गेली आणि बाबा घरात एकटे राहिले. दादा पुण्याला, मी तालुक्याच्या गावी, येऊन-जाऊन करते. बाबांना बीपी आहे, गोळी सुरू आहे. आई गेल्यावर त्यांनी बोलणं जवळजवळ सोडलंच होतं, वावरात जाणं बंद, दिवसभर ओसरीत खाटेवर पडून, शेजारच्या काकू डबा ठेवायच्या तो संध्याकाळी तसाच सापडायचा. मग मृगाच्या पावसात कुठून तरी एक करडी मांजर आली, कापूस भरतो त्या रिकाम्या खोलीत शिरली आणि राहिलीच. बाबांनी हाकललं नाही. आता असं आहे की ती सकाळी उशाशी येऊन ओरडते म्हणून ते उठतात, तिला पोळी कुस्करून द्यायची म्हणून चूल पेटवतात, आणि पोळ्या झाल्या की स्वतःही खातात. तिच्याशी बोलतात. तिला कापसाचा भाव सांगतात, माझ्या तक्रारी सांगतात. परवा उपकेंद्रात बीपी मोजला तर नर्सताई म्हणाल्या, काकाजी, यावेळी चांगला आहे.

आता अडचण ऐका. धाकटी बहीण सातव्या महिन्यात आहे, डोहाळजेवण झालं की बाळंतपणाला इकडेच येणार. दादाने फोनवर सांगितलं की ती यायच्या आधी मांजर पोत्यात घालून लांब सोडून या, पोटातल्या बाळाला मांजरीचा धोका असतो. बाबा त्याला काही बोलले नाहीत, पण त्या रात्री जेवले नाहीत.

बाबांमध्ये फरक पडला तो खरंच मांजरीमुळे, की दिवस गेले म्हणून? आणि गरोदर बाई, मग बाळंतीण घरात असताना मांजर ठेवता येते का? कुणाच्या घरी असं झालं असेल तर सांगा. मांजर अपशकुनी असते वगैरे कृपया नको, ते काकूंनी सांगून झालं.

कपाशीवाला:
ताई, सोडू नका. आमच्या घरी तं मांजरीशिवाय कापूसच भरत नाई. भाव वाढन म्हनून आपन कापूस घरात ठेवतो, कधी होळीवरी, कधी पार मिरगावरी, अन त्या गंजीत उंदरं पिल्लं घालतेत, सरकी फोडून खातेत, वरून मुतून ठेवतेत थो वास येगळा. मांजर घरात फिरली का उंदीर तिकडं फिरकतच नाई. अन उंदीर नाई तं त्याच्या मांगं येनारा सापबी कमी येते. तब्येतीचं इचारता ना, तं हेच तब्येत हाये ना बाप्पा, घरात इख ठेवा लागत नाई. लेकरं असलेल्या घरात उंदराचं इख म्हंजे जिवाला घोर. बाबाचं मन लागलं तं राहू द्या तिले.

काटोलकर:
वाईट वाटून घेऊ नका, पण मी तुमच्या दादाच्या बाजूने आहे. माझ्या मिसेसला दमा. रात्र रात्र खोकायची. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, घरात मांजर आहे का. होती, आणि तिच्याच अंथरुणात झोपायची. मांजर मोर्शीला आत्याकडे दिली, तरी काही महिने त्रास राहिला, कारण गाद्या-गोधड्यांत ते सगळं बसलेलं असते. नंतर पंप घ्यायचं प्रमाण कमी झालं. सगळे लोक मांजरीने टेन्शन जाते म्हणतात, श्वास लागलेल्या माणसाला विचारा टेन्शन काय असते ते.

तूरडाळ:
कापसाचा भाव ऐकूनही जागची हलत नाही म्हणजे मांजर मनाची पक्की आहे. ठेवा तिला 😄

सांदवाडी:
आमच्याकडेही असंच. सासरे कोणाशीच बोलत नव्हते, बोक्याशी बोलतात. आम्हाला काही सांगायचं असेल तर आम्हीही बोक्याला सांगतो, ते ऐकतात.

आशाताई_उमरखेड:
ताई, मी आशा आहे, गरोदर बायांच्या घरी जाण्याचंच काम आहे माझं, आणि हा प्रश्न मला नेहमी येतो म्हणून नीट लिहिते. भीती ज्याची आहे त्याचं नाव टॉक्सोप्लाझ्मा. तो जंतू मांजरीच्या केसात नसतो, तिच्या विष्ठेतून येतो. आमच्या पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) मॅडमनी मीटिंगमध्ये सांगितलं होतं की मांजरीने जवळ बसल्याने, अंगावरून हात फिरवल्याने लागत नाही. जास्त करून लागते ते कच्चं-अर्धकच्चं मटण खाऊन, आणि मातीचा हात किंवा मातीचा भाजीपाला न धुता तोंडात गेला की. म्हणजे मांजर सोडून दिली आणि बहीण सांदवाडीतला (परसातला) सांबार, म्हणजे कोथिंबीर, उपटून तसाच भाजीवर टाकते, तर धोका तिथेच राहिला ना. गल्लीत दहा मांजरी फिरतात, त्या कुठे कुठे बसून जातात कोणाला माहीत.

बहिणीने मांजरीची घाण काढायची नाही. मातीत हात घालायचा नाही, घालायचाच तर हातमोजे. भाजी भरपूर पाण्याने धुवायची, मटण चांगलं शिजवायचं. एवढं पाळलं तर मांजर ओसरीत राहिली तर राहू दे. आणि तिच्या तपासण्यांच्या वेळी डॉक्टरांना सांगून ठेवा की घरी मांजर आहे.

वर्धेकर_सध्या_पुणे:
दादाला फार बोलू नका कुणी. लांब राहणाऱ्याला घरचं काही दिसत नाही, फोनवर जेवढं ऐकू येते तेवढ्यावर काळजी करतो. मीही इकडे तेच करतो.

प्रश्नाबद्दल सांगायचं तर यावर अभ्यास झालेले आहेत. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत २०१९ मध्ये २४९ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला होता. काहींना दहा मिनिटं मांजरी-कुत्र्यांना कुरवाळू दिलं, काहींनी नुसतं दुसऱ्यांना कुरवाळताना बघितलं, काहींना फोटो दाखवले, काहींना वाट बघत बसवलं. मग लाळेतून कॉर्टिसॉल मोजलं, तणावात वाढते ते. ज्यांनी प्रत्यक्ष हात लावला त्यांच्यात ते सगळ्यांत कमी निघालं. म्हणजे मोबाईलवर मांजरीचे व्हिडिओ बघून भागत नाही, मांजरच लागते.

पीएचसीवाला_परतवाडा:
मी मेडिकल ऑफिसर आहे, मेळघाटाच्या पायथ्याशी. ताईंचा पहिला प्रश्न फार चांगला आहे, त्यावर आधी लिहितो.

मांजर आणि हृदयविकार यावर सगळ्यात जास्त फिरवला जाणारा अभ्यास मिनेसोटाचा आहे, २००९ मध्ये छापून आलेला. अमेरिकेतल्या ४,४३५ लोकांची माहिती वीस वर्षांपर्यंत तपासली आणि ज्यांनी कधी ना कधी मांजर पाळली होती त्यांच्यात हार्ट अटॅकने मरण्याचं प्रमाण कमी दिसलं. व्हॉट्सॲपवर तो "मांजर पाळा, हार्ट अटॅक टाळा" असा येतो. पण त्या अभ्यासात लोकांना मांजरी वाटल्या नव्हत्या, ज्यांच्याकडे होत्या त्यांची नुसती नोंद केली होती. मांजरीमुळे हृदय चांगलं राहिलं, की मुळात शांत स्वभावाची, घरी टिकून राहणारी माणसंच मांजर पाळतात, हे त्यावरून ठरत नाही.

तुमच्या बाबांना लागू पडेल असा अभ्यास दुसराच आहे. बफेलोच्या विद्यापीठात कॅरन ॲलन यांनी केलेला, २००१ साली प्रसिद्ध झाला. बीपी असलेले, एकटे राहणारे, शेअर बाजारात दलाली करणारे ४८ लोक घेतले. सगळ्यांना बीपीची तीच गोळी दिली. त्यातल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून मांजर किंवा कुत्रा पाळायला सांगितला. सहा महिन्यांनी पाहिलं तर स्वस्थ बसलेलं असतानाचा बीपी दोन्ही गटांत गोळीने सारखाच उतरला होता, पण डोक्याला ताण दिला की प्राणी नसलेल्यांचा बीपी जेवढा उसळायचा त्याच्या साधारण निम्माच प्राणीवाल्यांचा उसळायचा. म्हणजे गोळीचं काम गोळीने केलं आणि तणावाच्या वेळचं काम प्राण्याने. म्हणून सांगतो, बीपी चांगला आला म्हणून काकाजींनी गोळी बंद करायची नाही. आमच्याकडे हे रोजचं आहे, बरं वाटलं की गोळी सुटते आणि मग माणूस अर्धांगवायू घेऊन येतो.

आता दिवस गेले म्हणून फरक पडला का? पडला असेल. दुःख ओसरतं. पण तुम्ही जे लिहिलं त्यात मला डॉक्टर म्हणून सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते उठण्याची वेळ, चूल पेटवणं, दोन घास खाणं. एकट्या म्हाताऱ्या माणसाचं बिघडतं ते इथूनच, जेवण चुकलं की गोळी चुकते, गोळी चुकली की झोप जाते. मांजरीने ही घडी परत बसवली असेल तर ते औषधाइतकंच मोलाचं आहे.

काटोलकरांचं म्हणणंही खरं आहे. दम्याच्या माणसाला मांजर त्रास देऊ शकते. त्रास केसाचा नसतो, मांजरीच्या लाळेत आणि कातडीत असलेल्या एका प्रथिनाचा असतो, ते अंग चाटताना केसांना लागते आणि हवेत उडते. घरात कुणाला दमा, सारख्या शिंका, डोळ्यांतून पाणी असेल तर माझा सल्ला वेगळा राहील. ताई, तुमच्या बहिणीला दमा आहे का?

अडाणकाठची:
नाही डॉक्टर, बहिणीला काही नाही. लहानपणी आमच्याकडे मांजर होतीच, तिच्याच पांघरुणात झोपायची. काटोलकर भाऊ, वहिनींना आता बरं आहे ना?

काटोलकर:
हो ताई, आता बरी आहे. दमा नसेल तर माझा विरोध नाही. मोर्शीच्या मांजरीला भेटायला जातो आम्ही, मिसेस लांबूनच बोलते तिच्याशी.

जागलीवाला:
बाकी सगळं ठीक पण मांजर मांजर काय करून राहिले तुम्ही. कुत्रा पाळा. जागलीले माझ्यासंगं वावरात येते, रोही (नीलगाय) आला का भुकते, रानडुक्कर आलं तं आंगावर जाते. मांजर येईन का जागलीले? रातच्याला हरभऱ्याच्या वावरात एकटा मानूस मचानावर बसला, थंडी पडून राहिली, तवा पायापाशी कुत्रा असला तं मनाले धीर रायते. अन स्वीडनमधी लय मोठा अभ्यास झाला होता २०१७ ले, चौतीस लाख लोकाइचा, त्याच्यात कुत्रावाले जास्त जगले, एकटे रायनारे तं जास्तच. आमच्या पोरानं वाचून दाखवला.

पीएचसीवाला_परतवाडा:
बरोबर आहे भाऊ, एकटे राहणाऱ्या कुत्रावाल्यांमध्ये मृत्यूचा धोका तेहतीस टक्क्यांनी कमी दिसला होता. पण तोही नोंदींचाच अभ्यास आहे. कुत्र्यामुळे चालणं होतं, ही त्याची जमेची बाजू. काकाजींचे गुडघे आणि वय बघता कुत्र्याला सांभाळणं जमेल का ते ताईंनी ठरवावं.

तूरडाळ:
जागलीवाले भाऊ, मांजर जागलीले येत नाई कारण तिची ड्युटी कापसावर लागली हाये.

झाडीपट्टी:
आम्ही भंडाऱ्याकडचे. धानाच्या कोठीवर मांजर पाहिजेच जी, नाहीतर पोत्यांना भोकंच भोकं. पण वर कोणीतरी लिहिलं साप कमी येते, ते अर्धंच खरं. उंदीर कमी झाला तं साप कमी, हे बरोबर. पण मांजर सापाशी खेळते पण, अर्धमेला करून घरात आणून टाकते. आमच्या घरी मण्यारचं पिल्लू आणून खाटेखाली टाकलं होतं. म्हणून मांजर तोंडात काही घेऊन आली तं रात्री उघड्या पायानं पाहायला जायचं नाही, टॉर्च घ्यायचा. अन कोणाला चावलं तं मांत्रिकाकडं न जाता सरळ दवाखान्यात.

दुसरं म्हणजे उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, एक ताप) होते, बांधीतल्या चिखलात रोवणीच्या टायमाले पायाला जखम असली की आत जाते. आमच्याकडं आरोग्यवाले दरवर्षी सांगून जातात.

आशाताई_उमरखेड:
बरं आठवण केली. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरकडे स्क्रब टायफसचा ताप किती पसरला होता, किती माणसं दगावली. तोही उंदरांवर अन गवतात राहणाऱ्या बारीक किड्याच्या अळ्या चावून होतो. म्हणून घराभोवती गवत कापून ठेवा म्हणत होतो आम्ही.

पीएचसीवाला_परतवाडा:
हो. फक्त मांजर आहे म्हणून स्क्रब टायफस होणार नाही असं कुणी समजू नये, गवतातून अळी थेट माणसाच्या अंगावर येते. गवत कापणं आणि पूर्ण बाह्यांचे कपडे, हेच खरं. पण धान्याच्या खोलीत उंदीर कमी असणं कधीही चांगलंच.

मास्तर_आर्वी:
मंडळी, हे उंदराचं नातंच सगळ्यात जुनं आहे. माणूस धान्य साठवायला लागला, धान्याला उंदीर आले, उंदरांसाठी रानमांजर वस्तीजवळ आली. कुणी तिला पकडून आणलं नाही, ती आपणहून आली, जशी ताईंच्या बाबांकडे आली. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आहे, त्यात माणसाशेजारी मांजर पुरलेली आहे. त्या बेटावर मुळात मांजरी नव्हत्या, म्हणजे नावेतून सोबत नेली असणार.

आणि काकूंना सांगा की षष्ठी देवी, जी बाळांचं रक्षण करते, तिचं वाहन मांजरच आहे. बाळंतिणीच्या घरात मांजर असणं अपशकुन कसा काय होईल? आपल्याकडे मांजर मारली तर काशीला जाऊन सोन्याची मांजर दान करावी लागते म्हणायचे, ते जुन्या लोकांनी मांजरीला जपण्यासाठीच केलेलं असावं. शाळेत मुलांना मी सांगतो, मांजर आडवी गेली तर ती तिच्या कामाला चालली आहे, तुम्ही तुमच्या कामाला जा.

सांदवाडी:
मास्तर, शाळेवरून आठवलं. तान्ह्या पोळ्याला सगळी लेकरं लाकडी बैल घेऊन आली अन आमच्या जावेची पोरगी मांजरीला झूल घालून घेऊन आली. शिंगं म्हणून दोन भेंड्या बांधल्या होत्या. तिला बक्षीस पण मिळालं.

तूरडाळ:
मांजरीला की पोरीला?

सांदवाडी:
पोरीला डबा, मांजरीला श्रीखंडाचं बोट.

विदर्भकन्या:
एक विचारते. मांजर घुरघुरते ना पोटावर बसून, त्याने हाडं जुळतात असं वाचलं होतं. माझ्या आजीच्या मांडीवर मांजर बसली की आजी म्हणते गुडघ्याला शेक मिळतो. त्यात तथ्य आहे का?

पीएचसीवाला_परतवाडा:
शेक मिळतो हे खरं, मांजरीच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा थोडं जास्त असते. हाडं जुळतात हा अंदाज आहे. घुरघुर साधारण २५ ते १५० हर्ट्झच्या कंपनांची असते आणि त्यातल्या काही कंपनांचा हाडांवर चांगला परिणाम होतो असं दुसऱ्या प्रयोगांत दिसलं होतं, त्यावरून कुणीतरी दोन्ही जोडलं. मांजरीच्या घुरघुरीने माणसाचं हाड जुळल्याचं सिद्ध झालेलं नाही. आजींना बरं वाटत असेल तर बसू द्या, पण पडल्या-झडल्या तर एक्स-रे काढा.

राळेगावची:
मी सहसा लिहीत नाही, पण ताईंचं वाचून राहवलं नाही.

माझे मालक गेले त्याला आता बराच काळ झाला. कर्ज होतं, नापिकी होती, बाकी सांगत नाही. त्यानंतर लोक आले, फोटो काढले, साहेब आले, नातेवाईक आले, आणि तेरवी झाल्यावर कोणीच आलं नाही. घरात मी आणि लहान पोरगा. रात्री मला झोप लागायची नाही, पोरगा पण झोपेत दचकून उठायचा. शेजारच्या आजीबाईने एक पिल्लू आणून दिलं, त्याच्या मायनं सात घरं फिरवताना आमच्याकडे विसरलेलं. मला तेव्हा राग आला होता, माझं मलाच होत नाही आणि हे कुठे. पण पोरगा त्याला घेऊन झोपायला लागला. शाळेतून पळत घरी यायला लागला. त्याच्याशी बाबाच्या गोष्टी बोलायचा, माझ्यासमोर बोलायचा नाही ते सगळं त्या पिल्लाला सांगायचा आणि मी चुलीपाशी बसून ऐकायची. मला माझ्या पोराच्या मनात काय चाललं ते त्या मांजरीमुळे कळलं.

मांजरीने माझं कर्ज फिटलं नाही की काही नाही. वावर मीच केलं, अजून करते. पण पहिलं वर्ष निघालं. ताई, बाबांचं ते बोलणं बंद करू नका. जो माणूस कोणाशी बोलत नाही तो कशाशी तरी बोलून राहिला असेल तर ते काढून घेऊ नये.

कपाशीवाला:
ताई 🙏 काई लागलं तं सांगजा. राळेगाव आम्हाले लांब नाई.

पीएचसीवाला_परतवाडा:
राळेगावच्या ताई, लिहिलं ते फार बरं केलं. एक माहिती सगळ्यांसाठी देतो. घरात कुणी असं गप्प झालं असेल, जेवणखाण सुटलं असेल, जगून काय करू असं बोलत असेल, तर मांजर असो नसो, टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येते, रात्री पण लागतो. ताई, तुमच्या बाबांसाठीही लिहून ठेवा. मांजरीसोबत हेही.

अडाणकाठची:
राळेगावच्या ताई, तुमचं मी बाबांना वाचून दाखवलं. ते उठून सांदवाडीत गेले, बराच वेळ आले नाहीत. नंतर म्हणाले, त्या बाईला म्हणावं पोराला शिकव.

डॉक्टर, नंबर भिंतीवर कॅलेंडरच्या बाजूला लिहिला आहे मोठ्या अक्षरात.

विदर्भकन्या:
😢

पशुधनवाला:
मी पशुधन पर्यवेक्षक आहे. इथे माणसांच्या तब्येतीचं सगळं झालं, पण मांजरीची तब्येत चांगली नसेल तर माणसांची कशी राहील, ते कुणी बोललं नाही. गायी-म्हशीची लस सगळे विचारतात, मांजरीची कोणी विचारत नाही.

पहिलं रेबीज. कुत्र्यामुळेच होतो असं नाही, मांजर चावून, ओरबाडून पण होऊ शकतो. मांजर तीन महिन्यांची झाली की लस द्या, मग दरवर्षी. कोणाला चावली तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, त्यावर मिरची, हळद, चुना काहीही भरायचं नाही, आणि सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनचा पूर्ण कोर्स घ्यायचा. दुसरं, जंताचं औषध आणि पिसवांचं औषध. लहान लेकरांना मांजरीच्या पिल्लापासून नायटा होतो, पिल्लाच्या अंगावर गोल टक्कल दिसलं तर आधी दाखवून घ्या.

तिसरं, आणि हे कळकळीनं सांगतो. मांजरीला ताप आहे असं वाटून माणसाची पॅरासिटामॉल देऊ नका. अर्धी पण नाही. तिच्या शरीरात ती पचवायची ताकद नाही, मरते. चांगल्या मनानं लोक देतात.

चौथं, नुसती दूध-पोळी पुरत नाही. मोठ्या मांजरींना दूध पचतंच असं नाही, हगवण लागते. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे, टॉरिन नावाचं एक द्रव्य तिला मांस-मासळीतूनच मिळते, ते नाही मिळालं तर डोळे जातात, हृदय बिघडते. माळकरी घरात अडचण होते, मला कल्पना आहे, पण उंदीर पकडणाऱ्या मांजरीचं बरंचसं भागते. घरी चालत असेल तर बाजारातली सुकी मासोळी मीठ धुवून, उकडून द्या, किंवा अंडं.

उंदराचं विष घरात किंवा कोठ्यात ठेवत असाल तर मांजर पाळू नका, आणि मांजर असेल तर विष ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर तिने खाल्ला तर तिलाही विषबाधा होते.

आणि ऑपरेशन करून घ्या. दोन-सव्वादोन महिन्यांत पिल्लं होतात, वर्षातून दोन-तीन वेळा. पोत्यात घालून सोडून येण्याची वेळ त्याच्यामुळेच येते. सोडलेली मांजर नवीन जागी जगत नाही सहसा, दुसरे बोके मारतात, कुत्रे फाडतात.

आशाताई_उमरखेड:
पशुधनवाले दादा, ते टॉक्सोचं तुमच्या बाजूने पण सांगा ना, मला लोक विचारतात मांजर कायमच जंतू टाकत असते का.

पशुधनवाला:
नाही ताई. मांजरीला पहिल्यांदा लागण झाली, म्हणजे शक्यतो उंदीर किंवा कच्चं मांस खाऊन, की त्यानंतर एक ते तीन आठवडे विष्ठेतून अंडी पडतात. मग बहुतेक थांबते. आणि ताज्या विष्ठेतली अंडी लगेच लागत नाहीत, त्यांना एक ते पाच दिवस लागतात तयार व्हायला. म्हणून घाण रोजच्या रोज काढली तर धोका खूप कमी होतो. ओसरीच्या कोपऱ्यात टोपल्यात राख किंवा वाळू ठेवा, मांजर तिथेच बसायला शिकते, आणि ती रोज बाबांनी काढून पुरायची, बहिणीने नाही. भाजीच्या वाफ्यात पुरायची नाही.

वर्धेकर_सध्या_पुणे:
आणि बाळ झाल्यावर? बाळाच्या तोंडावर बसते, श्वास कोंडते असं म्हणतात.

पीएचसीवाला_परतवाडा:
मुद्दाम असं काही करत नाही ती. पण मांजरीला ऊब आवडते आणि बाळाचा पाळणा उबदार असतो, तान्ह्या बाळाला मान वळवता येत नाही, म्हणून बाळ झोपलेलं असताना खोलीचं दार बंद आणि पाळण्याला मच्छरदाणी. बाळाला एकटं मांजरीपाशी सोडायचं नाही. मोठं होतानाचं उलट बरं सांगतो, अमेरिकेत डेट्रॉइटजवळ ४७४ मुलांचा अभ्यास झाला होता, २००२ मध्ये आला, पहिल्या वर्षात घरात दोन किंवा जास्त कुत्री-मांजरी असलेल्या मुलांमध्ये सहा-सात वर्षांचं झाल्यावर ॲलर्जी कमी सापडली. सगळ्या अभ्यासांत असंच आलेलं नाही, त्यामुळे त्यासाठी म्हणून मांजर आणू नका, पण असलेल्या मांजरीला घाबरूही नका.

मास्तर_आर्वी:
एक गंमत ताईंच्या बाबांसाठी. इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठात २०२० मध्ये पाहिलं की माणसाने मांजरीकडे बघून हळू हळू डोळे मिटले-उघडले तर मांजरही तसंच करते आणि जवळ यायची शक्यता वाढते. काकाजींना करून बघायला सांगा.

अडाणकाठची:
मास्तर, बाबांना सांगितलं. म्हणाले, हे तर ती आली त्या दिवसापासून चालू आहे आमचं.

सगळ्यांचं वाचलं. काल बहिणीशी बोलले, तिला सगळं सांगितलं, धुण्याचं, मातीचं, टोपल्याचं. ती म्हणाली बाबांची मांजर कुठे जाऊ देऊ नको, मीच दादाशी बोलते. दादाला मी आशाताईंचा आणि डॉक्टरांचा प्रतिसाद पाठवला, त्याने बराच वेळ काही लिहिलं नाही, मग पाळण्याच्या मच्छरदाणीची लिंक पाठवली. टोपलं बाबांनीच बांबूचं आणलं बुरुडाकडून, राख आहेच. ती आत बसायच्या ऐवजी त्यात झोपते सध्या.

आता लस आणि ऑपरेशन. पशुधनवाले दादा, आमच्या गावचा पशुवैद्यकीय दवाखाना गाई-ढोरांचा आहे, तिथे मांजरीचं करतात का? आणि बाबा म्हणतात एसटीत कशी न्यायची, ती तर गोणपाट पाहिलं की पळते.

पशुधनवाला:
रेबीजची लस बहुतेक ठिकाणी होते, आधी फोन करून उपलब्ध आहे का विचारा, कधी कधी बाहेरून विकत आणायला सांगतात. ऑपरेशनला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात विचारा, तिथे नाही जमलं तर नागपूरचं पशुवैद्यकीय कॉलेज आहे, तिथे मांजरी येतात. ऑपरेशनच्या आधी किती तास उपाशी ठेवायची ते फोनवरच विचारून घ्या.

गोणपाटात नेऊ नका, घाबरते आणि उन्हाळ्यात गुदमरते. झाकणाची टोपली किंवा भाजीचा प्लास्टिकचा क्रेट घ्या, दोन क्रेट एकावर एक उलटे ठेवून सुतळीने बांधले तरी चालते, हवा लागते. आत बाबांचा वापरलेला दुपट्टा टाका, त्यांच्या वासाने शांत बसेल. वरून ओलं फडकं. सकाळच्या पहिल्या गाडीने जा, ऊन चढायच्या आत.

कपाशीवाला:
एसटी कायले? मी दर सोमवारी दारव्ह्याले गाडी घेऊन जातो. ताई, मले गाव कळवा, बाबा अन मांजर दोघंबी सामोरच्या सीटवर.